उभ्या गाडीची बॅटरी

बंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरी ही वस्ती तेथील देवीच्या मंदिरामुळे ओळखली जाते. बागलकोट जिल्ह्यात बदामीजवळ असलेली बनशंकरी देवी महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदेवता आहे. त्यामुळे नोकरीनिमित्त बंगळुरूत येणाऱ्या मराठी माणसाला हे नाव परके वाटत नाही. जून २०१७ मध्ये मेट्रोची हिरवी मार्गिका कनकपुरा रस्त्यावरून पुढे गेली आणि बनशंकरीला स्थानक मिळाले. मॅजेस्टिकला किंवा मल्लेश्वरमला जाणारे अनेक जण तेव्हापासून घरची गाडी घरीच ठेवू लागले. रस्त्यावरील गर्दीचा विचार करता ही चांगलीच गोष्ट झाली. पण सहा दिवस उभी राहून सातव्या दिवशी चालणाऱ्या गाडीचा एक वेगळाच प्रश्न असतो. तो या पाठात आपण समजून घेणार आहोत.

प्रथम एका घरातील प्रसंग पाहू. बनशंकरीत राहणारे एक मराठी कुटुंब. मुलगा रोज मेट्रोने कामावर जातो. गाडी केवळ रविवारी बाहेर निघते. एका शुक्रवारी रात्री दोनच्या सुमारास आईच्या छातीत दुखू लागले. मुलाने गाडीत बसून किल्ली फिरवली. समोरचे दिवे मंदपणे उजळले, इंजिनाच्या बाजूने ‘टक्-टक्’ असा आवाज आला आणि सारे शांत झाले. शेजाऱ्यांना उठवून, त्यांच्या गाडीतून आईला रुग्णालयात नेण्यात जवळजवळ चाळीस मिनिटे गेली. आई सुखरूप घरी आल्या. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, बॅटरीकडे पाहून म्हणाला, “साहेब, बॅटरी गेली. तीन वर्षे झाली ना? नवीन टाका.” नवीन बॅटरी बसली. पंधरा दिवसांत तीही उतरली.

येथेच आपण थांबले पाहिजे. नवी बॅटरी पंधरा दिवसांत उतरत असेल, तर दोष बहुधा तिचा नाही. मग वीज जाते कोठे?

गाडी बंद केली म्हणजे तिच्यातील सर्व काही बंद झाले, अशी आपली समजूत असते. जुन्या फियाट किंवा अँबॅसिडर गाडीच्या बाबतीत ती बरीचशी खरी होती. आजच्या गाडीत मात्र किल्ली काढल्यानंतरही काही उपकरणे जागी असतात. दुरून दार उघडण्याचा संदेश ऐकणारे यंत्र, चोरीविरोधी यंत्रणा, घड्याळ, इंजिनाच्या संगणकाची स्मृती, ही सर्व थोडी थोडी वीज घेतच राहतात. गाडी बंद करून अर्धा तास झाल्यावर ही धारा साधारणपणे २० ते ५० मिलिअँपिअर असली, तर ती स्वाभाविक समजतात. आता थोडा हिशेब करू. ३० मिलिअँपिअर धारा चोवीस तास वाहिली, तर ०.७२ अँपिअर-तास इतकी वीज खर्च होते. लहान मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तास क्षमतेची असते. म्हणजे आठवड्यात पाच अँपिअर-तास गेले, तरी गाडी निमूटपणे सुरू होते. परंतु २५ मार्च २०२० पासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी लागू झाली, तेव्हा याच हिशेबाने पंधरा अँपिअर-तास खर्च झाले आणि टाळेबंदी पुढे वाढतच गेली. शहरोशहरी धडधाकट गाड्या का बंद पडल्या, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

यात आणखी एका खर्चाची भर पडते. बॅटरीला काहीही जोडलेले नसले, तरी आतील रासायनिक क्रियेमुळे ती आपोआप हळूहळू उतरत असते. चांगल्या नव्या बॅटरीत हे प्रमाण महिन्याला काही टक्केच असते. पण तापमान दहा अंशांनी वाढले की ते साधारण दुप्पट होते. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरच्या बंगळुरूला हवामानाची कृपा आहे. नागपुरात मे महिन्यात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीला ती सवलत नाही.

आता एक कोडे. इंजिन सुरू करताना स्टार्टरला दीडशे अँपिअरच्या आसपास धारा लागते. परंतु ती केवळ दोन सेकंद. एकूण वीज मोजली, तर ती ०.१ अँपिअर-तासही भरत नाही. आपली घड्याळे आणि यंत्रणा तेवढी वीज तीन तासांत संपवतात! मग बॅटरीत दहा अँपिअर-तास शिल्लक असताना इंजिन का सुरू होऊ नये?

बनशंकरीच्या मंदिरात राहुकाळात लिंबाच्या सालीचे दिवे लावण्याची प्रथा आहे. लिंबू पिळून, साल उलटी करून तिच्या वाटीत तेल-वात ठेवतात. आपल्याला येथे लिंबू हवे आहे ते मात्र न पिळलेले. त्यात तांब्याची एक आणि जस्ताची एक अशा दोन पट्ट्या खोचल्या, तर त्यांच्यामध्ये सुमारे ०.९ व्होल्ट दाब निर्माण होतो. शाळेत हा प्रयोग तुम्ही कदाचित केला असेल. अशी चौदा लिंबे एकामागून एक जोडली, तर मीटर बारा व्होल्टहून अधिक दाखवील. मोटारीच्या बॅटरीइतकेच! तरीही त्या लिंबांवर मोटारीचा एक लहानसा दिवादेखील लागणार नाही. कारण दाब आहे, पण लिंबाच्या आतील रोध इतका मोठा आहे की धारा वाहूच शकत नाही. उतरलेल्या बॅटरीची गत काही अंशी अशीच होते. तिचा आतील रोध वाढलेला असतो. घड्याळापुरती धारा ती देते, दिवेही मिणमिणतात. पण स्टार्टरने दीडशे अँपिअर मागताच तिचा दाब एकदम कोसळतो. तो ‘टक्-टक्’ आवाज म्हणजे स्टार्टरची कळ ओढली जाण्याचा आणि दाब कोसळताच सुटून येण्याचा आवाज होय.

रोध का वाढतो, हे पाहण्यासाठी बॅटरीच्या आत डोकावले पाहिजे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाचे पत्रे आणि सल्फ्युरिक आम्ल वापरून पुन्हा पुन्हा भरता येणारा विद्युत्घट तयार केला. आज गाडीत असते ते मुळात तेच यंत्र आहे: सहा कप्पे, प्रत्येकात शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या आणि विरल आम्ल. वीज खर्च होताना दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि आम्ल पाण्यासारखे पातळ होत जाते. बॅटरी भरली की हा थर विरघळून पूर्वस्थिती येते. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर मऊ थराचे कठीण स्फटिक होतात. ते नंतर नीट विरघळत नाहीत, आणि तेवढा पट्टीचा भाग कायमचा निकामी होतो. बॅटरी एकदा उतरणे हे दुखणे आहे. तिला उतरलेलीच ठेवणे हा खरा घात आहे.

टाळेबंदीच्या काळात अनेकांनी यावर एक उपाय केला. रोज सकाळी खाली जायचे, पाच मिनिटे इंजिन चालू ठेवायचे आणि वर यायचे. हेतू चांगला, परिणाम उलटा. इंजिन जागेवर मंद चालत असताना अल्टरनेटर, म्हणजे गाडीतील वीज तयार करणारे यंत्र, फार थोडी वीज देते. शिवाय बॅटरी ती सावकाशच स्वीकारते. खर्च झालेले दहा-पंधरा अँपिअर-तास पाच मिनिटांत भरून निघत नाहीत. इमारतीच्या तळघरात असे इंजिन चालू ठेवणे तर धोक्याचे आहे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तेथे साचतो. आठवड्यातून एकदा कनकपुरा रस्त्याने तासभराची फेरी मारलेली कितीतरी बरी. ज्यांना तेही शक्य नाही, त्यांनी पूर्ण भरल्यावर आपोआप थांबणारा चार्जर वापरावा, किंवा गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची ऋण बाजूची तार काढून ठेवावी. ऋणच का? गाडीचे सारे धातूचे अंग ऋण टोकाला जोडलेले असते. धन टोकावर पाना लावलेला असताना तो चुकून अंगाला टेकला, तर ठिणगी पडते. ऋण तार आधी काढली की ही भीती उरत नाही. जोडताना तीच शेवटी जोडावी.

आता आपल्या कुटुंबाकडे परत येऊ. तिसरी बॅटरी घेण्याऐवजी त्यांनी या वेळी मोजायचे ठरवले. त्यासाठी मल्टीमीटर नावाचे साधे उपकरण पुरते. बॅटरी प्रथम चार्जरवर पूर्ण भरून घेतली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी तिच्या टोकांवर १२.६ व्होल्ट भरले, म्हणजे बॅटरी निरोगी होती. (विश्रांतीनंतर १२.४ व्होल्ट म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी, असे ढोबळमानाने समजावे. गाडी नुकतीच चालवलेली असताना केलेले मोजमाप फसवे असते.)

मग गळतीचा शोध सुरू झाला. बॉनेट उघडे ठेवून बाकी सर्व दारे लावली, किल्ली घरात ठेवली. ऋण तार काढली आणि मल्टीमीटर दहा अँपिअरच्या स्थानावर ठेवून ऋण टोक व ती तार यांच्यामध्ये जोडला. आता गाडीत जाणारा विजेचा प्रत्येक थेंब मीटरमधून जाणार. अशा स्थितीत किल्ली कदापि फिरवायची नसते. स्टार्टरची प्रचंड धारा मीटरमधून गेली तर मीटर जळेल. सुरुवातीला आकडा मोठा दिसला. त्याने दचकण्याचे कारण नव्हते, कारण गाडीतील संगणक झोपी जायला वेळ घेतात. अर्ध्या तासाने आकडा २८० मिलिअँपिअरवर स्थिरावला आणि तेथेच राहिला.

दिवसाला ६.७ अँपिअर-तास! रविवार रात्रीपासून शुक्रवार रात्रीपर्यंत पाच दिवस धरले, तर साडेतेहेतीस. पस्तीसची बॅटरी. त्या रात्री गाडी का सुरू झाली नाही, हे कागदावर स्पष्ट दिसत होते.

यानंतर फ्यूजची पेटी उघडून एकेक फ्यूज काढायचा, मीटर पाहायचा आणि फ्यूज परत जागेवर ठेवायचा. काम कंटाळवाणे आहे, पण चुकत नाही. अकरावा फ्यूज काढताच आकडा २२ वर उतरला. त्या फ्यूजवर काही महिन्यांपूर्वी बसवून घेतलेला समोरच्या काचेवरील कॅमेरा जोडलेला होता. किल्ली काढल्यावर ज्या फ्यूजची वीज बंद होते, त्यावर तो जोडायला हवा होता. तो जोडला गेला होता सतत वीज असलेल्या फ्यूजवर. कॅमेरा रात्रंदिवस समोरच्या भिंतीचे चित्रण करीत होता!

गळतीचे कारण प्रत्येक वेळी कॅमेराच असतो असे नाही. मागून बसवलेली संगीतयंत्रणा, चोरी शोधण्याचे यंत्र, डिकीतील झाकण लावूनही न विझणारा दिवा, क्वचित अल्टरनेटरमधील बिघडलेला डायोड, यांपैकी कोणीही चोर असू शकतो. डिकीतील पाच वॉटचा दिवा क्षुल्लक वाटतो. तो दिवसाला दहा अँपिअर-तास खातो. विजेवर चालणाऱ्या मोटारींनाही यातून सुटका नाही. त्यांच्या पोटात चाके फिरवणारी मोठी बॅटरी असली, तरी संगणक व कुलपे चालवणारी बारा व्होल्टची लहान बॅटरी बहुतेकींत वेगळी असते, आणि ती उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी हलत नाही.

ऐन वेळी बॅटरी उतरलेली आढळली, तर शेजारच्या गाडीकडून जंपर केबलने वीज घेता येते. पूर्वी चार माणसे धक्का मारीत. पण आपोआप गिअर बदलणारी गाडी धक्क्याने सुरू होत नाही. लाल तार आधी आपल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग शेजारच्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी तार शेजारच्या ऋण टोकाला लावावी. तिचे शेवटचे टोक मात्र आपल्या बॅटरीवर न लावता, बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूवर लावावे. शेवटच्या जोडणीच्या क्षणी ठिणगी पडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो. तो पेटला तर बॅटरी फुटून आम्ल उडते. गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असे नव्हे. ती नंतर चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी लागते.

मेकॅनिकने काढून नेलेल्या पहिल्या बॅटरीचे काय झाले असेल? बॅटरीच्या वजनातील निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांतील धातू नीट काढून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तरीही काही बॅटऱ्या उघड्यावरच्या भट्टीत वितळवल्या जातात. तेथील धुरातून व मातीतून शिसे आसपासच्या लहान मुलांच्या शरीरात जाते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. म्हणून जुनी बॅटरी भंगारात न देता विक्रेत्याकडे परत करून पावती घ्यावी. त्यांची पहिली बॅटरी तर भरून पाहिलीच गेली नव्हती. कदाचित ती आणखी वर्षभर चालली असती.

कॅमेऱ्याची तार हलवून दुसऱ्या फ्यूजवर नेण्यास दहा मिनिटे लागली. पुन्हा अर्धा तास थांबून पाहिले, तेव्हा मीटरवर २२ हाच आकडा होता. पुढच्या शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी मुलगा खाली गेला आणि त्याने बॅटरीची टोके मोजली. १२.५ व्होल्ट. त्याने किल्ली फिरवली, इंजिन सुरू झाल्याचे ऐकले, ते बंद केले आणि वर येऊन आईला तेवढे सांगितले.