मातीलाही दम खाऊ द्या

मांजरी, फुरसुंगी, साडेसतरा नळी. पुण्यात हडपसरच्या या कडेला घरं आधी उभी राहिली, ड्रेनेजची लाइन मागून आली. तोवर सेप्टिक टँक आणि त्यापुढचा शोषखड्डा, एवढ्यावरच अनेकांनी निभावलं. पहिली काही वर्षं पाणी मुकाट जिरतं. मग एखाद्या पावसाळ्यात खड्डा तुंबतो, मैला उपसणारी गाडी येते आणि थोड्याच दिवसांत पाणी पुन्हा वर येतं. गाडीने टाकी रिकामी होते. बुजलेली माती मोकळी होत नाही.

खरा अडथळा असतो खड्ड्याच्या तळाशी आणि भिंतींवर. टाकीतून निसटलेले कण मातीच्या छिद्रांत अडकतात, त्यांवर जिवाणू पोसतात आणि त्यांच्या चिकट स्रावाने काळा, बुळबुळीत थर धरतो. जाडी जेमतेम काही सेंटिमीटर. हा थर शत्रू नव्हे, रोगजंतू अडवण्याचं मोठं काम तोच करतो. पण खड्डा सतत भरलेला राहिला की आत हवा शिरत नाही, हा चिकटा खाऊन संपवणारे जिवाणू मागे पडतात आणि थर वाढत जातो. काळी माती असेल तर दुखणं दुणावतं: भिजली की ती फुगते, शिवाय धुण्याच्या पावडरीतलं सोडियम तिचे कण विस्कटून उरलीसुरली छिद्रंही बुजवतं.

यावरचा उपाय जुना आहे. मैलापाणी थांबून थांबून सोडलं, मधल्या वेळात मातीत हवा खेळू दिली, तर माती ते शुद्ध करत राहते, हे एडवर्ड फ्रँकलंड यांनी इंग्लंडमध्ये 1870 च्या सुमारास दाखवलं. आयआयटी मुंबईत प्रा. एच. एस. शंकर यांनी विकसित केलेल्या मृदा-जैवतंत्रज्ञानातही पाणी सोडायचं, मग थर निथळू द्यायचा, हाच क्रम असतो. दुसरी युक्ती म्हणजे गाळ मातीपर्यंत जाऊच न देणं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने न्हाणीघराच्या सांडपाण्यासाठी गाजवलेल्या शोषखड्ड्यात मधोमध भोकं पाडलेली टाकी असते. गाळ तिच्यातच बसतो, बाहेरच्या दगडगोट्यांपर्यंत पोचत नाही, आणि तो उपसता येतो.

घर बांधताना एका मोठ्या खड्ड्याऐवजी दोन खड्डे घ्यावेत, हे माझं आग्रहाचं सांगणं. मधल्या चेंबरमधून पाणी एकात वळवायचं आणि दुसरा काही महिने कोरडा ठेवायचा. स्वयंपाकघरातलं तेल-तूप आधीच अडवायचं आणि टाकीतला गाळ दर दोन-तीन वर्षांनी काढायचा. पण अर्ध्या-एक गुंठ्यात दोन खड्ड्यांना जागाच नसते. तिथे सार्वजनिक ड्रेनेज लाइन लवकर पोचणं हाच मार्ग आहे.