बाबांची झेन आणि माझं टर्बोचं वेड

साखळीहून बेळगावला परतताना केरी मागं पडलं की चोर्ला घाट सुरू होतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमची जुनी झेन पाच माणसं आणि डिकीभर नारळ घेऊन तो घाट चढत होती. दुसरा गिअर, एसी बंद, ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला. मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न वाजवून पुढं जात होता. बाबा शांत बसले होते. मी मात्र कणकुंबी यायच्या आत ठरवून टाकलं, या गाडीला टर्बो बसवायचा.

बाबांनी ही गाडी 2001 साली घेतली. 993 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद साधारण 60 अश्वशक्ती. मी गाडी शिकलो ती हिच्यावरच. त्यामुळं विकायचा प्रश्न नव्हता.

टर्बोची कल्पना फार सुंदर आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. जास्त ताकद हवी तर जास्त पेट्रोल, आणि त्यासाठी जास्त हवा. सायलेन्सरकडं वाया जाणारा गरम धूर एक छोटं चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. ही चाकं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानं 1905 साली याचं पेटंट घेतलं. फुकटच्या धुरावर दीडपट हवा! मी तर रात्र-रात्र जागून हिशेब मांडत होतो.

पण हवा दाबली की तापते. तापलेलं मिश्रण ठिणगी पडल्यावर शिस्तीत जळण्याऐवजी मध्येच आपोआप भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. ते वाढलं तर पिस्टनला भोक पडायलाही वेळ लागत नाही. म्हणून कारखान्यातून टर्बो घेऊन येणाऱ्या गाडीचे पिस्टन, कॉम्प्रेशन, तेलाची आणि पाण्याची व्यवस्था, सगळंच त्या हिशेबानं केलेलं असतं. आमच्या झेनच्या ईसीयूला तर आत येणाऱ्या हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असू शकतो हेच ठाऊक नाही. दाब वाढला तरी तो पेट्रोल जुन्याच मापानं सोडणार. प्रोग्रॅमला कधी न शिकवलेलं इनपुट दिलं तर काय होतं, हे मी ऑफिसात रोज बघतो. तिथं फार तर स्क्रीन अडकते, इथं इंजिन जातं.

मग दुसरा मार्ग सुचला. एस्टीमचं 1298 सीसीचं इंजिन झेनच्याच घराण्यातलं. नंतरच्या मॉडेलांत ते 85 अश्वशक्ती देतं. ते झेनमध्ये बसवणारे हौशी लोक आहेत. मी बाबांना न सांगता उद्यमबागेत आमच्या नेहमीच्या मेस्त्रींकडं गेलो. लहानपणापासून ओळखणारे, त्यामुळं सरळ म्हणाले, "बसवतो की. पण ब्रेक कुठले लावणार? आणि कागदाचं काय करणार?"

ब्रेकचं गणित मला लगेच कळलं. 60 ऐवजी 80 च्या वेगानं गेलो तर ब्रेक दाबल्यापासून थांबायला लागणारं अंतर जवळपास पावणेदोन पट होतं. त्यात घाट उतरताना ब्रेक आधीच तापलेले. इंजिन वाढवलं की ब्रेक, क्लच, सस्पेन्शन, रेडिएटर सगळंच वाढवावं लागतं. खर्च गाडीच्या आजच्या किमतीपुढं गेला.

कागदाचं मात्र घरी येऊन वाचलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन घालता येतं, पण त्याची नोंद आरटीओत करावी लागते. बेकायदा बदलाला कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागं 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, ते वेगळंच.

आणि ही शिक्षा कुणाला? गाडीच्या मालकाला. आरसीवर नाव बाबांचं. जन्मभर शाळेत मुलांना नियम शिकवलेल्या माणसाला माझ्या हौसेपायी आरटीओत उभं करायचं? त्या रात्री मी सगळं बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "अरे, आधी तिला काय होतंय ते तर बघ."

मेस्त्रींनी कॉम्प्रेशन तपासलं. तीन सिलिंडरमध्ये 180 च्या आसपास आणि दुसऱ्यात फक्त 120. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला होता. वर क्लच प्लेट घसरत होती, एअर फिल्टर मातीनं भरलेला. म्हणजे इतकी वर्षं गाडी जवळजवळ तीन पायांवर घाट चढत होती. आणि मी तिला चौथा पाय द्यायचा सोडून पंख लावायला निघालो होतो! हेड उघडलं, व्हॉल्व्ह बदलले, बाकीचे घासून बसवले, क्लच नवा टाकला. आठवड्यात गाडी घरी आली.

परवा पुन्हा गोव्याला जाऊन आलो. खोटं कशाला सांगू, आवळ वळणांवर दुसरा गिअर अजून लागतोच. पण एसी चालू होता, आणि बाबा तर चक्क झोपले होते.

मंडळी, तुमच्याही दारात अशी एखादी म्हातारी गाडी असेल आणि घरातल्या तरुणाच्या डोक्यात टर्बो शिरला असेल, तर त्याला रागावू नका. फक्त आधी कॉम्प्रेशन तपासून घ्यायला सांगा. तिची स्वतःची ताकद अजून शिल्लक असू शकते.