लैंगिक कल मोजायचा कसा?

समजा, तळोज्यातल्या सिडकोच्या एखाद्या इमारतीत आपण सर्वेक्षणाला गेलो. दार आईने उघडलं, मुलगा मागे उभा. 'तुम्ही समलिंगी आहात का?' असं विचारलं तर उत्तर बहुधा 'नाही'च येणार. ते खरं की घरच्यांच्या धाकाचं, हे आपल्याला कळणार कसं?

पहिला मुद्दा, आपण नेमकं काय विचारतोय? आकर्षण, वर्तन आणि ओळख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरुषांशी संबंध असलेला विवाहित माणूस स्वतःला 'गे' म्हणवून घेईलच असं नाही. 2012 मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात समलिंगींची संख्या सुमारे 25 लाख सांगितली. हा अंदाज एचआयव्ही नियंत्रणाच्या कामातला, म्हणजे पुरुषांच्या वर्तनावरून काढलेला. समलिंगी स्त्रिया त्यात नव्हत्याच.

दुसरा मुद्दा, विचारतंय कोण? पुण्यात 18 ते 22 वयाच्या तरुणांवर एक प्रयोग झाला. तो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. लैंगिक वर्तनाचे नाजूक प्रश्न काहींना समोरासमोर विचारले, तर काहींनी हेडफोनवर ऐकून संगणकावर उत्तरं दिली. कॉलेजची मुलं संगणकापाशी जास्त मोकळी झाली. झोपडपट्टीतल्या मुलांमध्ये मात्र निकाल संमिश्र आले. तेव्हा यंत्र आणलं की संकोच गेला, असं होत नाही.

इंग्लंड-वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत हा प्रश्न ऐच्छिक होता. 3.2 टक्के लोकांनी आपण समलिंगी, उभयलिंगी वगैरे असल्याचं नोंदवलं, 7.5 टक्क्यांनी उत्तरच दिलं नाही.

म्हणून असा आकडा समोर आला, की आधी विचारूया: प्रश्न कोणता होता, आणि उत्तर देताना शेजारी कोण होतं?