आठवणींची बिनआवाजी पेटी

बारशापासून साठीशांतीपर्यंतचे फोटो घरातल्या चार मोबाइलमध्ये विखुरलेले असतात. ते एका जागी, घरातच आणि झोपमोड न करता कसे सांभाळायचे?

पूर्वी लग्नाचा अल्बम लोखंडी कपाटात, साड्यांच्या घड्यांखाली असे. पाहुणे आले की तो बाहेर निघे आणि पाने उलटता उलटता दुपार सरे. हल्ली सारे काही मोबाइलमध्ये असते. फोटो शेकडो पटींनी वाढले, पण त्यांना कपाट राहिले नाही. आईच्या फोनमध्ये थोडे, मुलीच्या लॅपटॉपवर थोडे, उरलेले कुठल्याशा पेन ड्राइव्हमध्ये. एखादा फोन हरवला किंवा पाण्यात पडला, तर आजोबांच्या शेवटच्या वाढदिवसाचे फोटो एका क्षणात जातात आणि ते पुन्हा काढता येत नाहीत.

इंटरनेटवर फोटो ठेवण्याची सोय आहेच. पण गूगल फोटोजवरची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. मोफत जागा भरली की पैसे भरावे लागतात आणि हा खर्च कधी संपत नाही. म्हणूनच अनेक घरांत आता राउटरशेजारी एक लहानशी पेटी दिसू लागली आहे. तिला नेटवर्क स्टोरेज किंवा थोडक्यात ‘नॅस’ म्हणतात. घरातला प्रत्येक फोन, संगणक आणि टीव्ही वायफायवरून तिच्यात फोटो ठेवू शकतो आणि पाहू शकतो.

शांततेचे महत्त्व

अशा पेटीत बहुधा हार्ड डिस्क असते. तिच्यातल्या चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. लाकडी शोकेसवर ठेवली की तिची घरघर आणखी वाढते. आपल्याकडे राउटर असतो हॉलमध्ये आणि लहान फ्लॅटमध्ये रात्री कुणाची तरी पथारी तिथेच असते. मग दोन दिवसांत कुणीतरी झोपताना पेटीचे बटण बंद करते. फोन मात्र बहुतेक वेळा रात्री चार्जिंगला लावलेले असतात आणि फोटो पेटीत उतरवण्याची सर्वांत सोयीची वेळ तीच. थोडक्यात, आवाज करणारी पेटी बंद राहते आणि बंद पेटीचा उपयोग शून्य.

एसएसडीमध्ये फिरणारा एकही भाग नसतो. १९८० च्या दशकात जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधलेल्या फ्लॅश मेमरीवर ती चालते. माहिती विद्युतभाराच्या रूपात चिपमध्ये साठते, त्यामुळे आवाज नाही आणि धक्का लागला तरी धास्ती कमी. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि एवढ्या अवजड यंत्रात जेमतेम ५ एमबी माहिती मावत असे. म्हणजे आजच्या फोनचा फार तर एक-दोन फोटो!

खरेदी करताना एक गोष्ट मात्र विसरू नये. काही पेट्यांमध्ये एसएसडी बसवली तरी थंडाव्यासाठी लावलेला पंखा आवाज करतोच. म्हणून दुकानदाराला ‘फॅनलेस’, म्हणजे बिनपंख्याची पेटी मागावी. तिला हवा लागते. ती बंद कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तर हे पथ्य पाळायलाच हवे.

किती मोठी घ्यावी?

फोनचा एक फोटो सरासरी ४ एमबीचा धरला, तर घरातल्या चौघांचे प्रत्येकी १५,००० फोटो २४० जीबीत बसतात. चित्रफितीच्या एका मिनिटाला १०० एमबी धरले, तर ३० तासांच्या चित्रीकरणाला १८० जीबी लागतात. बेरीज झाली ४२० जीबी. म्हणजे १ टीबीची एसएसडी साधारण कुटुंबाला काही वर्षे सहज पुरते. तेवढ्याच जागेसाठी एसएसडीला हार्ड डिस्कपेक्षा बरेच जास्त पैसे पडतात. तेव्हा ‘असू दे मोठी’ म्हणून उगाच ४ टीबीची घेऊ नये.

सर्वांत वेगवान एसएसडीचाही मोह टाळावा. साधी साटा पद्धतीची एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास माहिती देते, पण घरातल्या गिगाबिट नेटवर्कमधून सेकंदाला सुमारे ११० एमबीच जाते. नळच लहान असेल, तर टाकी कितीही मोठी असली तरी बादली लवकर भरत नाही. त्यापेक्षा राउटरचे पोर्ट गिगाबिट आहे की जुने १०० मेगाबिटचे, हे आधी पाहावे. १०० जीबी फोटो गिगाबिट तारेवरून सुमारे पाव तासात जातात. जुन्या पोर्टवर त्यालाच अडीच तास लागतात.

फ्लॅश मेमरी लिहून लिहून झिजते हे खरे. पण १ टीबीच्या अनेक एसएसडींवर ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज ५० जीबी लिहिले तरी तो आकडा गाठायला ३२ वर्षे लागतील. घरगुती वापर त्याहून पुष्कळच कमी असतो.

जोडणी अशी करावी

ज्यांना खटपट नको, त्यांनी तयार पेटी घ्यावी. हौस असेल तर रास्पबेरी पाय ४ हा लहानसा संगणक, धातूची केस, यूएसबीने जोडलेली एसएसडी आणि ओपनमीडियाव्हॉल्ट हे मोफत सॉफ्टवेअर यांतूनही उत्तम पेटी तयार होते. घरातल्या शाळकरी-कॉलेजच्या मुलांना सुटीत करण्याजोगे हे काम आहे.

पेटी राउटरला वायफायने न जोडता कॅट ५ई किंवा कॅट ६ तारेने जोडावी. राउटरमध्ये तिचा पत्ता कायमचा राखून ठेवावा, म्हणजे वीज गेली-आली तरी फोनला ती सापडते. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. घरातल्या प्रत्येकाला वेगळे खाते द्यावे. प्रत्येकाचा एक खासगी फोल्डर असावा आणि सगळ्यांचा मिळून एक ‘घर’ नावाचा. मुलांना आणि आजीला या सामाईक फोल्डरमधले फोटो पाहता यावेत, पण चुकून पुसता येऊ नयेत, अशी सोय करता येते.

मग फोनवर पेटीचे ॲप घालून फोटो आपोआप उतरतील अशी व्यवस्था करावी. आयफोनवर ॲप बंद असताना हे काम पुष्कळदा अडते. म्हणून आठवड्यातून एकदा ते उघडून ठेवावे.

परगावी असताना फोटो पाहावेत असे वाटणे साहजिक आहे. पण त्यासाठी पेटीचे दार थेट इंटरनेटवर उघडू नये. २०२२ साली ‘डेडबोल्ट’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने अशा उघड्या राहिलेल्या हजारो पेट्यांमधल्या फाइली कुलूपबंद केल्या आणि सोडवण्यासाठी पैसे मागितले. बाहेरून पेटी वापरायचीच असेल, तर व्हीपीएनची सुरक्षित वाट जाणकाराकडून लावून घ्यावी आणि पेटीचे सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत करावे.

वीज गेली तर?

फोटो लिहिला जात असतानाच वीज गेली, तर फाइल बिघडू शकते. पेटी आणि राउटर दोन्ही लहान यूपीएसवर ठेवावेत. घरी इन्व्हर्टर असेल, तर त्यावरचे ‘यूपीएस मोड’चे बटण चालू असल्याची खात्री करावी. वीजबिलाची चिंता नको. १० वॉटची पेटी चोवीस तास चालली तरी महिन्याला सव्वासात युनिटच होतात.

एक प्रत म्हणजे प्रत नव्हे

खरा धोका पुढे आहे. पेटी बसली, फोटो उतरले आणि फोनमधले पुसून टाकले, की सगळे फोटो पुन्हा एकाच जागी! पेटीत दोन एसएसडी लावून दोन्हींवर एकच माहिती ठेवता येते. एक बिघडली तर दुसरी चालते. पण कुणी चुकून फोल्डर पुसला, तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी पुसला जातो. चोरी झाली किंवा आग लागली, तर दोन्ही सोबतच जातात.

म्हणून जाणकार तीन-दोन-एकचा नियम सांगतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. इथे जुनी हार्ड डिस्क कामी येते. महिन्यातून एकदा ती पेटीला जोडावी, प्रत उतरवावी आणि काढून माहेरी, भावाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. कपाटात पडलेल्या डिस्कच्या आवाजाचा त्रास कुणालाच होत नाही. लॉकरसाठी एसएसडी मात्र नको. तिला वीज मिळाली नाही की भार हळूहळू ओसरतो. घरगुती वापराच्या एसएसडीने आयुष्य पुरते वापरून झाल्यावर ३० अंश तापमानात बिनविजेची एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच मानकाची अपेक्षा आहे.

घराबाहेरच्या प्रतीचे मोल सांगणारी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९९८ साली पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या बहुतेक फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. स्टुडिओतल्या राखीव प्रतीही नीट निघाल्या नाहीत. गॅलिन सुसमन या तंत्र-पर्यवेक्षिकेने बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून घरच्या संगणकावर एक प्रत ठेवली होती. तीच शेवटी उपयोगी पडली. एवढ्या मोठ्या स्टुडिओला जी अडचण आली, ती आपल्या घराला येणार नाही असे समजू नये.

राखीव प्रत नीट निघते की नाही, हेही अधूनमधून तपासावे. दर दिवाळीच्या साफसफाईत हार्ड डिस्क जोडून पाच-दहा जुने फोटो उघडून पाहावेत. उघडले तर प्रत खरी.

वारसा सर्वांचा

पेटी बसली की जुन्या अल्बमकडे वळावे. कृष्णधवल फोटो स्कॅन करून घ्यावेत. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटना दमट हवेत बुरशी लागते. कोकण-गोव्याकडच्या घरांनी ते काम तर लांबणीवर टाकूच नये. फोल्डरला वर्ष आणि प्रसंगाचे नाव द्यावे, ‘२००४ सुमनची मुंज’ असे नव्हे तर ‘२००४ मुंज, सातारा’ असे, म्हणजे गावावरूनही शोधता येते. फोटोतली माणसे कोण, हे मोठ्यांकडून आजच विचारून लिहून ठेवावे.

शेवटचे काम सर्वांत सोपे, पण बहुतेक घरांत राहून जाते. पेटीची सारी माहिती ती बसवणाऱ्या एकट्याच्याच डोक्यात असते. उद्या तो परदेशी गेला, आजारी पडला किंवा राहिलाच नाही, तर शेजारी पेटी असूनही घरच्यांना फोटो दिसणार नाहीत. म्हणून पासवर्ड, फोटो पाहण्याची रीत आणि हार्ड डिस्क कुणाकडे आहे, हे स्वच्छ मराठीत एका वहीत लिहावे. वही विम्याच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. मग एका रविवारी ती वही समोर धरून, पेटी न बसवलेल्या माणसाला फोटो उघडायला सांगावे. त्याला ते जमले, म्हणजे काम पुरे झाले.