विलीनीकरण हरले, भाऊसाहेब जिंकले

१६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांनी जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. संघप्रदेशाच्या ‘दोन पानां’ना १,७२,१९१, तर विलीनीकरणाच्या ‘फुला’ला १,३८,१७० मते पडली. ज्या पक्षाचा जन्मच विलीनीकरणासाठी झाला, त्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत विधानसभा पुन्हा जिंकली आणि दयानंद बांदोडकर दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. हे घडले कसे?

उत्तर भाऊसाहेबांच्या जीवनक्रमात आहे. १२ मार्च १९११ रोजी पेडण्यात जन्मलेला हा माणूस खनिज व्यवसायात धनवान झाला. मात्र त्याचा समाज प्रतिष्ठेच्या उतरंडीत खालच्या पायरीवरचा होता. धन आहे पण मान नाही, हा अनुभव त्यांना बहुजनांच्या जवळ घेऊन गेला असावा. डिसेंबर १९६३च्या पहिल्या निवडणुकीत ते स्वतः उमेदवारही नव्हते. तरी विजयी पक्षाने नेता म्हणून त्यांनाच निवडले. पुढे पोटनिवडणुकीतून ते सभागृहात आले.

त्यांच्या सरकारने १९६४चा कूळ कायदा केला आणि गावोगावी मराठी प्राथमिक शाळा पोहोचवल्या. कुळाला जमिनीची मालकी या कायद्याने मिळाली नव्हती; ती पुढे शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीतील दुरुस्तीने आली. परंतु भाटकारापुढे मान खाली घालणाऱ्या कुटुंबाला कायद्याचा आधार मिळाला, हे लहान नव्हते. म्हणूनच पक्षाला मत देणे आणि विलीनीकरणाला मत देणे, या दोन गोष्टी अनेकांच्या मनात वेगळ्या राहिल्या. गोवा मुंबईच्या सत्तेखाली लहानसा जिल्हा होऊन राहील, ही भीती केवळ जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्सच्या मतदारांपुरती नव्हती. त्या काळच्या विलीनीकरणवाद्यांना ती ओळखता आली नाही.

कौल निष्पक्ष व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेबांनी राजीनामा दिला होता. ज्या मुद्द्यावर पक्ष उभा होता तो हरल्यावर राजकारण सोडणे सोपे होते. त्यांनी निकाल स्वीकारला आणि आपल्या कामाच्या बळावर पुन्हा मते मागितली. मार्चमधील निवडणुकीत पक्षाला ३० पैकी १६ जागा मिळाल्या. १९७२मध्येही ते सत्तेवर आले आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदी असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी कन्या शशिकलाताई आल्या.