गाडीतला रेडिओ आणि खिशातला टेलिफोन

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातली संध्याकाळ होती आणि आम्ही इंदूरहून देवासकडे निघालो होतो. आग्रा-मुंबई रस्त्यावर वाहनांची गर्दी होती, पाऊस भुरभुरत होता, आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या सदऱ्याच्या खिशातला टेलिफोन वाजू लागला. सुरक्षापट्ट्याखाली दडलेला तो टेलिफोन काढण्यासाठी मी एक हात चाकावरून उचलला, नजर क्षणभर खाली नेली, आणि वर पाहतो तो समोर मागचा दिवा नसलेली एक ट्रॅक्टरची ट्रॉली! गाडी थांबली खरी, पण ट्रॉलीपासून जेमतेम चारपाच हातांवर. शेजारी बसलेले माझे मेहुणे काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग शांतपणे म्हणाले, “भावोजी, मला सांगायचं होतं. मी काढून दिला असता.”

श्रोतेहो, ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे सरकते. दोन सेकंद नजर खाली असली, तर ३३ मीटर रस्ता आपण न पाहता ओलांडलेला असतो. घरी परतल्यावर हा हिशेब मी कागदावर मांडला आणि गाडीत हात न लावता बोलता येईल असा टेलिफोनचा संच बसवून घ्यावयाचे ठरविले. ‘हँड्सफ्री किट’ या नावाने तो बाजारात मिळतो. आज नव्या गाड्यांत ही सोय बहुधा कारखान्यातूनच येते. परंतु रस्त्यावर अशा असंख्य गाड्या आहेत, की ज्यांच्या डॅशबोर्डात कारखान्याने बसविलेला स्टिरिओ उत्तम गातो, पण टेलिफोन या प्राण्याची त्याला ओळखच नाही. माझी गाडी त्यांपैकीच एक.

संचात मोठे असे काहीच नसते. काड्यापेटीहून थोडी मोठी एक पेटी, तर्जनीच्या पेराएवढा एक मायक्रोफोन, दोनतीन बटणांची एक पट्टी आणि तारांचा जुडगा, एवढाच त्याचा संसार. टेलिफोन आणि ही पेटी यांच्यामधला संवाद ब्लूटूथ नावाच्या बिनतारी पद्धतीने चालतो. दहाव्या शतकातल्या हॅराल्ड नावाच्या एका डॅनिश राजाच्या टोपणनावावरून हे नाव घेतलेले आहे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातल्या ७९ वाटांवरून ही पद्धत सेकंदाला १६०० उड्या मारीत बोलते, म्हणून एका वाटेवर कोणी गोंगाट केला तरी बोलणे तुटत नाही. पेटी आणि टेलिफोन यांची जोडी एकदा जमविली, की पुढच्या खेपेस ती दोघे एकमेकांना आपण होऊन ओळखतात. यात अवघड असे काही नाही. अवघड आहे ते डॅशबोर्डाच्या मागे, अंधारात.

ते अवघड आहे हे मला पहिल्या प्रयत्नातच कळले. ज्या दुकानात मी गेलो तिथला कारागीर हाताने चपळ होता. त्याने स्टिरिओ बाहेर ओढला, कारखान्याच्या तारा कात्रीने तोडल्या, दातांनी सोलल्या, पिळल्या आणि काळ्या टेपने गुंडाळल्या. एका स्पीकरची एक तार उरली, तेव्हा ती त्याने गाडीच्या पत्र्याला जोडून टाकली. “साहेब, अर्थिंग आहे,” असे तो म्हणाला. त्यानंतर त्याने किल्ली फिरविली. गाणे निम्म्या ओळीत थांबले आणि माझा स्टिरिओ कायमचा मुका झाला.

त्या कारागिराला मी दोष देऊ शकत नाही, कारण तो जुन्या शास्त्राप्रमाणे वागला होता. पूर्वीच्या रेडिओत स्पीकरचे एक टोक पत्र्याला आणि दुसरे टोक ध्वनिवर्धकाला जोडलेले असे. पण गाडीची बॅटरी पडली १२ व्होल्टची. तेवढ्या विजेवर ४ ओहमच्या स्पीकरला अशा जोडणीने कागदोपत्री साडेचार वॉटच शक्ती मिळते. म्हणून पुढे अशी युक्ती निघाली, की स्पीकरची दोन्ही टोके दोन वेगवेगळ्या ध्वनिवर्धकांना द्यावी आणि एकाने ओढले की दुसऱ्याने ढकलावे. स्पीकरवरचा दाब दुप्पट होतो, शक्ती चौपट होते, आणि साडेचाराचे अठरा वॉट होतात.

आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी ताक घुसळले असेल त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. रवीला गुंडाळलेल्या दोरीची दोन्ही टोके आळीपाळीने ओढली जातात, तेव्हाच रवी फिरते. एक टोक खुंटीला बांधून टाकले, तर रवी फिरत नाही आणि ओढणाऱ्याचा तळहात मात्र सोलून निघतो. गाडीचा पत्रा म्हणजे ती खुंटी. शिवाय गाणे बंद असतानाही या दोन्ही तारांवर बॅटरीच्या निम्मा, म्हणजे सुमारे ६ व्होल्ट, दाब असतोच. त्यामुळे तार पत्र्याला लागताच वीज सरळ वाहू लागते. चांगल्या स्टिरिओत अशा वेळी स्वतःला वाचविण्याची तजवीज केलेली असते. माझ्या स्टिरिओत ती होती की नव्हती, याची परीक्षा त्या दिवशी झाली आणि निकाल आपण ऐकलाच आहे.

तेव्हा या कामातला पहिला नियम असा, की कारखान्याची एकही तार तोडायची नाही. आणि तोडण्याचे कारणही नाही. पुष्कळ गाड्यांत स्टिरिओच्या पाठीमागे आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे घडविलेले, आठआठ पिनांचे दोन कपलर असतात. एकातून वीज येते, दुसऱ्यातून चारही स्पीकरांकडे आवाज जातो. जेथे कंपनीने आपला निराळाच कपलर योजलेला असतो, तेथे त्या त्या गाडीसाठी तयार केलेला मधला हार्नेस बाजारात मिळतो. एका बाजूने गाडीचा कपलर त्यात बसतो, दुसऱ्या बाजूने तो स्टिरिओत बसतो, आणि मधल्या फाट्याला संचाची पेटी. या हार्नेसला पैसे पडतात हे खरे. परंतु दुसरा स्टिरिओ विकत घेतल्यानंतर मला ते महाग वाटेनासे झाले.

विजेच्या कपलरातल्या तीन तारांशी आपला संबंध. एकीत बॅटरीची वीज सदैव असते, दुसरीत किल्ली फिरविल्यावरच येते, आणि तिसरी पत्र्याकडे जाते. पहिल्या दोन तारांच्या जागा काही गाड्यांत नेमक्या उलट असतात, आणि तारांच्या रंगावर तर कधीही विसंबू नये. किल्ली बंद ठेवून आणि मग चालू करून मीटरने तपासावे. किल्लीबरोबर निजायला हवे ते यंत्र चुकून सदैव जागे राहिले, तर काय होते? समजा, ते नुसते बसल्या बसल्या १०० मिलिअँपिअर वीज घेते. दिवसाला २.४ आणि आठवड्याला जवळजवळ १७ अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे आठ दिवस गावाला जाऊन आलेल्या गृहस्थाला स्टेशनवरून घरी आल्यावर गाडी नुसती कण्हताना ऐकू येईल, आणि दोष मात्र बिचाऱ्या बॅटरीला दिला जाईल.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी. पण त्याही आधी एक गोष्ट पाहून ठेवावी. काही स्टिरिओ वीज गेल्यानंतर परत बोलण्यासाठी सांकेतिक अंक मागतात. ते अंक गाडीच्या कागदपत्रांत असतात, आणि कागदपत्रे कुठे असतात हे प्रत्येक घरात एकालाच ठाऊक असते. डॅशबोर्डात पिवळ्या वेष्टनातल्या तारा दिसल्या, तर त्या बहुधा अपघातात फुगणाऱ्या हवेच्या पिशव्यांच्या असतात. त्यांना स्पर्शही करू नये. पुढच्या खांबाच्या आवरणाखालून मायक्रोफोनची तार नेतानाही, त्या खांबात अशी पिशवी असल्यास, तार तिच्या पुढून जाणार नाही अशी दक्षता घ्यावी. आणि ज्या गाड्यांत स्टिरिओ, चाकावरची बटणे आणि इतर यंत्रे एकाच दळणवळणाच्या तारेवर परस्परांशी बोलत असतात, त्या गाड्यांच्या वाटेला घरच्या घरी जाऊ नये, हे बरे.

आता मायक्रोफोनकडे वळतो. टेलिफोनवर पलीकडच्याचे बोलणे आपल्याला ऐकू येणे सोपे. आपले बोलणे त्याला नीट ऐकू जाणे, यातच संचाची खरी कसोटी आहे. मायक्रोफोन तोंडापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर आवाजाची जेवढी तीव्रता त्याच्यापर्यंत पोचते, तिचा सुमारे चौथा भागच ६० सेंटिमीटरवर पोचतो. इंजिनाची घरघर मात्र दोन्हीकडे तेवढीच. म्हणून तो डॅशबोर्डावर शोभेसाठी न ठेवता, समोरच्या काचेच्या वरच्या कडेला, उन्हाच्या झडपेजवळ लावावा. थंड हवेच्या झरोक्यासमोर तो लावला, तर पलीकडच्या माणसाला आपण वादळात सापडलो आहोत असे वाटते. माझ्या एका स्नेह्याने तो तसा लावला होता, आणि त्याची आई प्रत्येक वेळी त्याला काच बंद करायला सांगत असे.

दुसरे संकट प्रतिध्वनीचे. पलीकडच्याचा आवाज आपल्या स्पीकरमधून बाहेर पडतो, मायक्रोफोनात शिरतो, आणि क्षणभराने त्याचा त्यालाच परत ऐकू येतो. स्वतःचेच शब्द मागून येऊ लागले की भलाभला वक्ता अडखळतो. यावर संचाच्या पेटीत मोठी चतुर योजना असते. स्पीकरकडे आपण कोणता ध्वनी धाडला हे पेटीला ठाऊक असते. तो गाडीच्या काचांवरून आणि आसनांवरून फिरून कसा परत येईल याचा ती सतत अंदाज घेते आणि मायक्रोफोनातून आलेल्या ध्वनीतून तेवढा भाग वजा करते. राहते ते आपले बोलणे.

पण ही वजाबाकी बरोबर येण्यासाठी पेटीने धाडलेला ध्वनी मधल्या मध्ये कोणी बदलता कामा नये. स्टिरिओमधून तो फिरवून नेला आणि स्टिरिओने त्याला घुमारा किंवा जादा खर्ज दिला, की हिशेब बिघडतो. याच कारणाने अनेक संचांत रिले नावाचा लहानसा विजेचा खटका असतो. टेलिफोन वाजला की ‘टक्’ असा आवाज होतो, पुढचे स्पीकर स्टिरिओपासून सुटून पेटीच्या स्वतःच्या ध्वनिवर्धकाला जोडले जातात, आणि बोलणे संपले की पुन्हा ‘टक्’ होऊन गाणे परत येते. आवाज मात्र बेताचा ठेवावा. तो इतका चढविला की स्पीकर फाटल्यासारखा बोलू लागला, तर त्या फाटलेल्या ध्वनीचा अंदाज पेटीला येत नाही आणि प्रतिध्वनी पुन्हा डोके वर काढतो.

इतके सारे नीट जमले. माझा संच आता उत्तम चालतो, आणि तो बसविल्यावर पहिले पंधरा दिवस मी गाडीत जितका बोललो तितका घरातही बोलत नसेन. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, वाहन चालविताना टेलिफोन हातात धरून वापरणे हे धोकादायक वाहनचालनात गणले गेले. माझे दोन्ही हात चाकावर होते, तेव्हा मी निर्धास्त होतो.

त्याच सुमारास टोरांटोतल्या एका संशोधनाची हकिकत माझ्या वाचनात आली. रेडेलमायर आणि टिब्शिरानी या दोघांनी १९९७ साली ते प्रसिद्ध केले. अपघातात सापडलेल्या, टेलिफोन बाळगणाऱ्या ६९९ चालकांच्या संभाषणांच्या नोंदी त्यांनी अपघाताच्या वेळेशी ताडून पाहिल्या. टेलिफोनवर बोलत असताना अपघाताचा संभव सुमारे चौपट असल्याचे त्यांना आढळले. आणि हात न लावता बोलणाऱ्यांची स्थिती, टेलिफोन हातात धरणाऱ्यांपेक्षा बरी असल्याचे दिसले नाही! मी तो उतारा दोनदा वाचला. विक्रेत्याने दिलेल्या पुस्तिकेत तारांच्या आकृत्या पुष्कळ होत्या, ही गोष्ट कुठेच नव्हती.

पहिल्यांदा हे विचित्र वाटते. शेजारी बसलेल्या माणसाशी बोललेले चालते, मग टेलिफोनवरच्या माणसाने काय बिघडते? मला पुन्हा ती देवासची संध्याकाळ आठवली. ट्रॉली दिसताच माझे मेहुणे गप्प झाले होते. शेजारच्या माणसाला तोच रस्ता दिसत असतो. वळण आले, ट्रक आडवा आला, की त्याचे वाक्य आपोआप अर्ध्यावर थांबते. दूर घरी बसून बोलणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. तो उत्तराची वाट पाहत असतो, आणि उत्तर देण्याची घाई आपल्याला होते. हात चाकावर असतात, डोळे रस्त्यावर असतात, आणि मन मात्र एखाद्या बिलाच्या रकमेत गुंतलेले असते.

त्यानंतर मी संचातली एक सोय बंद करून टाकली. टेलिफोन आपोआप उचलला जाण्याची ती सोय होती. आता घंटा वाजते, रस्ता मोकळा असेल तर मी बटण दाबतो, “गाडीत आहे, पोचल्यावर बोलतो,” एवढेच सांगतो आणि पुन्हा बटण दाबतो. रस्ता मोकळा नसेल तर घंटा वाजू देतो. लांबचे बोलणे असलेच, तर ढाब्यासमोर गाडी उभी करून, चहा मागवून, त्याच संचावर निवांत बोलतो. अशा वेळी मायक्रोफोनसाठी घेतलेले सारे कष्ट सार्थकी लागतात. माझे मेहुणे आता टेलिफोन केल्यावर प्रथम एकच प्रश्न विचारतात, “भावोजी, गाडीत आहात का?” मी ‘हो’ म्हणताच ‘टक्’ असा आवाज होतो आणि गाणे पुन्हा सुरू होते.