आईला मायस्थेनिया, मग मुलीची जीन चाचणी करायची का?

सकाळी ठणठणीत असलेल्या बाईची पापणी संध्याकाळी आपोआप खाली येते. भाकरी चावता चावता जबडा थकतो. एकाचे दोन दिसतात. एरंडोल असो की मुंबई, घरचे आधी अशक्तपणा म्हणतात, नाहीतर चष्म्याचा नंबर. पण हा मायस्थेनिया ग्रेव्हिस असू शकतो. ‘कुली’च्या सेटवर १९८२ मध्ये झालेल्या अपघातातून वाचलेल्या अमिताभ बच्चन यांना पुढे हाच आजार झाला होता.

यात स्नायू मुळात धडधाकट असतात. मेंदूचा हुकूम नसेतून येतो आणि ॲसिटिलकोलीन हे रसायन तो स्नायूला देतं. पण शरीरानेच बनवलेल्या अँटिबॉडी हे रसायन झेलणाऱ्या जागांवर हल्ला करतात. हुकूम निघतो, पोचत नाही.

शरीर स्वतःवरच का उलटतं? याचा एक धागा एचएलएपाशी जातो. एचएलए म्हणजे पेशींवरची ओळखपत्रं. किडनी देताना जुळवून पाहतात तीच. त्यांची जीन्स सहाव्या गुणसूत्रावर असतात, निम्मी आईकडून, निम्मी वडिलांकडून आलेली. कमी वयात मायस्थेनिया झालेल्या युरोपीय रुग्णांत बी८ आणि डीआर३ ही जोडी जास्त आढळते.

हे वाचलं की घरात प्रश्न येतो, मुलीलाही होईल का? (त्यामागे दबक्या आवाजात तिच्या लग्नाचा.) खुणा वारशाने येतात, आजार तसा येत नाही. बी८ असलेल्या बहुतेकांना तो कधीच होत नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होईलच असं नसतं. शिवाय युरोपचा हिशेब इथे जसाच्या तसा लागू होत नाही: तिकडे बी८ सोबत बहुधा ए१ असतं, भारतीयांत बऱ्याचदा ए२६, हे दिल्लीच्या एम्समधील डॉ. नरिंदर मेहरा यांच्या गटाने दाखवलं आहे. तेव्हा निरोगी मुलीची एचएलए चाचणी करण्यात पैसे घालवू नका.

पैसे लागतात ते आईच्या तपासण्यांना. न्यूरॉलॉजिस्ट रक्तातल्या अँटिबॉडी तपासतात, नस-स्नायूंची चाचणी करतात आणि छातीतल्या थायमस ग्रंथीसाठी सीटी स्कॅन सांगतात. पायरिडोस्टिग्मिनच्या गोळीने अनेकांना तासाभरात फरक जाणवतो. काहींना स्टेरॉइड लागतं, काहींची थायमस काढावी लागते.

एक चिठ्ठी मात्र कायम पाकिटात ठेवा. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकने हा आजार बळावू शकतो, त्यामुळे साध्या तापासाठी गेलात तरी डॉक्टरांना आजाराचं नाव आधी सांगा. गिळताना ठसका लागू लागला किंवा श्वास अपुरा पडू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठा.